बाजी, रेवडी आणि मधलं दार

आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी सगळं बघून घेतलं. पगार, होमलोन, मी ऑनसाइट गेले तर नवरोबांच्या जेवणाचं काय, झालंच तर पत्रिका ("आम्ही मानत नाही हो, पण असू द्या" असं म्हणत म्हणत). दोन्ही घरांत कुत्रं आहे हे कळल्यावर तर सासूबाई खूश. "अगं बाई, मग स्वभाव जुळलेच की!" कुत्र्यांची वजनं मात्र कुणी विचारली नाहीत.

माझ्या माहेरची रेवडी ५.५ किलो. सासरचा बाजी २४ किलो.

रेवडी म्हणजे पांढरीशुभ्र, फुगलेली, सतत कुणावर तरी चिडलेली. लोक पामेरियन म्हणतात, खरं म्हणजे इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ मधला टफी आठवतो का? तीच जात. बाजी हा कारवान, सासऱ्यांनी लातूरकडून पिल्लू असताना आणलेला. उंच, लांब तोंडाचा, कमरेत इतका बारीक की नवीन माणूस हमखास विचारतो, "याला खायला घालता ना?" मुधोळ आणि कारवान एकच की वेगळे, यावर बाबा (म्हणजे सासरे) तासभर बोलू शकतात. २००५ साली पोस्टाने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता, कारवान हे नाव नव्हतं, याचा राग त्यांच्या मनात अजून आहे. असो.

मुद्दा असा की ही ससे धरायची जात. वासावर नाही, नजरेवर चालणारी. लांब काहीतरी लहानसं पळालं की मागे पळायचं. हे कुणी शिकवावं लागत नाही, कंपनीतूनच आलेलं फर्मवेअर.

गंमत म्हणजे आतून दोघं एकच. लहान जातीच्या कुत्र्यांमध्ये आयजीएफ-१ नावाच्या एका जीनचा ठरावीक प्रकार सापडतो, असा एक पेपर २००७ साली ‘सायन्स’ मध्ये आला होता. म्हणजे कोडबेस तोच, काही कॉन्फिग व्हॅल्यू वेगळ्या. त्यामुळे आपण लहान आहोत हे रेवडीला माहीतच नाही. माहीत फक्त आपल्याला असतं, आणि आपण ते सोयीस्करपणे विसरतो. २४ भागिले ५.५ म्हणजे जवळजवळ साडेचार पट. माझं वजन ५५ किलो. म्हणजे माझ्या हिशेबाने मी २४० किलोच्या प्राण्याबरोबर एका सोफ्यावर झोपायचं. तेवढ्या वजनाचा वाघ असतो. हे गणित मी नंतर केलं. आधी करायला हवं होतं.

तर लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं. मे २०२४ मध्ये वहिनीच्या बाळंतपणासाठी आई-पप्पा दादाकडे न्यू जर्सीला निघाले, सहा महिन्यांसाठी. रेवडी तेव्हा नऊ वर्षांची. तिला होस्टेलमध्ये ठेवायचं म्हटल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "अगं मी आहे ना! आमच्याकडे धायरीला घर मोठं आहे, बाजी आहे सोबतीला." नाशिकहून निघताना आईने रेवडीबरोबर तिची उशी, तिची वाटी आणि दोन पानं सूचना दिल्या. माझ्या लग्नात मला एवढ्या दिल्या नव्हत्या.

सुरुवात आम्ही अगदी नीट केली, हे सांगितलं पाहिजे. वाचून, व्हिडिओ बघून. दोघांची पहिली भेट घरात नाही, बाहेर, दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर. मी रेवडीला घेऊन, नवरा बाजीला घेऊन, मध्ये वीसेक फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं. पट्टा सैल, कारण पट्टा ताणला की ताण कुत्र्यापर्यंत पोचतो. रोज अंतर थोडं कमी. बाबा गॅलरीतून बघत म्हणायचे, "वरात छान निघालीय!" त्यांचं मत होतं की कुत्र्यांना सोडून द्यावं, त्यांचं ती बघून घेतात. त्यांच्या गावी तसंच होतं. अर्थात गावी पळायला शिवार होतं आणि सगळी कुत्री साधारण एका मापाची.

सहाव्या दिवशी दोघं घरात. आठवड्याने एका खोलीत. जूनमध्ये बाजी पंख्याखाली आडवा आणि रेवडी त्याच्या पोटाला टेकून, असा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला. न्यू जर्सीहून आईचे अकरा बदाम आले. सासूबाई येईल त्या पाहुण्याला सांगायच्या, "कशी गुण्यागोविंदाने राहतात बघा. माणसांनी शिकावं."

रेवडी खुशाल बाजीच्या भांड्यात तोंड घालायची. तो उभा राहून बघायचा, आम्ही हसायचो. ती त्याचे कान ओढायची, आम्ही व्हिडिओ काढायचो. एकदा तो हलकेच गुरगुरला तर बाबांनी त्यालाच फटका दिला. "लाज नाही वाटत? एवढीशी ती!" सुनेला लाडावणारं आणि मुलाला ओरडणारं सासर कुणाला नको असतं? मला तर ते फार गोड वाटलं होतं. आपण बाजीला नक्की काय शिकवतोय हे माझ्या डोक्यात आलं नाही. गुरगुरणं ही त्याची वॉर्निंग होती. आम्ही वॉर्निंग बंद केली, कारण नाही.

ऑगस्टमधला एक बुधवार. पाऊस, दिवे दोनदा जाऊन आलेले, आणि आमचं रिलीज. मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन कॉलवर. हॉलमध्ये सासूबाई आतल्या दोरीवर चादरी वाळत घालत होत्या, नवरा फोनवर, बाबा टीव्हीसमोर. म्हणजे घरात चार मोठी माणसं होती, आणि कुत्र्यांकडे चौघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

रेवडीने दिवाणावरून उडी मारली आणि तिचा मागचा पाय खालच्या ड्रॉवरच्या फटीत अडकला. ती किंचाळली. स्पिट्झचं किंचाळणं ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, कुत्र्याचा आवाज वाटतच नाही. पाय सुटल्यावर ती तशीच कर्कश ओरडत स्वयंपाकघराकडे पळाली. बाजी दाराशी झोपला होता. तो उठला कधी हे कुणालाच दिसलं नाही. भुंकला नाही, गुरगुरला नाही. दोन ढांगांत पोचला, तिला पाठीवरून उचललं आणि एकदा झटकलं.

एकदाच. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा नवरा बाजीच्या जबड्यात हात घालत होता (हे कधीही करू नये, आता आम्हाला माहीत आहे) आणि सासूबाईंनी हातातली ओली चादर बाजीच्या डोक्यावरून टाकली होती. अंधार झाल्यावर त्याने तोंड उघडलं. रेवडी खाली पडली, उठली, अंग झाडलं आणि चक्क शेपूट हलवली. नवऱ्याच्या मनगटातून रक्त येत होतं. ते बघून सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

रेवडीच्या पाठीवर केसांत शोधल्यावर दोन बारीक भोकं सापडली. पेनाच्या टोकाएवढी. बाबा म्हणाले, "थोडक्यात निभावलं. हळद लावा." सासूबाई आपली माणसांची दुखण्यावरची अर्धी गोळी द्यायला निघाल्या होत्या, ती तेवढी मी थांबवली.

आणि मी कॉलवर परत गेले.

हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलंय. रिलीज होतं, पंधरा लोक थांबले होते, कुत्री चालत-फिरत होती. सगळं खरं आहे. पण गेले.

चाळीस मिनिटांनी बाहेर आले तर रेवडी तिच्या उशीवर नव्हती, बाथरूमच्या थंड फरशीवर होती. भराभर श्वास. स्वस्थ बसलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारण पंधरा ते तीस असतात. मी मोजले, साठच्या वर. ओठ उचलून बघितला तर हिरड्या गुलाबी नाहीत, कागदासारख्या. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. तो येईच ना.

पावसात रिक्षा, डॉक्टर, मशीन फिरवून पाठीवरचे केस काढणं. केस गेल्यावर अख्खी पाठ जांभळी. डॉक्टरांनी माझं बोट धरून बरगडीजवळच्या कातडीवर ठेवलं. खाली बबल रॅपसारखं चुरचुरत होतं. कातडीखाली हवा शिरली होती.

"वरून दिसतंय ते काहीच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि एक्स-रे होईपर्यंत समजावून सांगितलं. कुत्र्याची कातडी सैल असते. मोठ्या कुत्र्याचा दात आत जातो, मग तो झटकतो तेव्हा कातडी दाताबरोबर सरकते आणि फाटत नाही, पण तिच्याखालचे स्नायू सोलले जातात. छाती जबड्यात मावली असेल तर वर दाबही येतो. म्हणून भोक बारीक आणि आत वाताहत. परदेशातले पशुवैद्य अशा केसच्या कागदावर नुसतं ‘बीडीएलडी’ लिहितात. बिग डॉग, लिटल डॉग. इतक्या नेहमीची गोष्ट की तिला शॉर्टफॉर्म आहे! आमच्या फील्डमध्ये ज्या बगला शॉर्टफॉर्म असतो तो बग सगळ्यांना आधीपासून माहीत असतो, फक्त ज्याच्या सिस्टिमवर येतो त्याला नसतो.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. ऑपरेशन, पाठीत नळी, सहा रात्री दवाखान्यात. दोन्ही कुत्र्यांची रेबीजची लस वेळेवर झालेली होती, तरी नवऱ्याला इंजेक्शनांचा कोर्स करावाच लागला. रेवडी वाचली. आईला मी कळवलं नाही. व्हिडिओ कॉलवर "झोपलीय गं" असं म्हणून पहिला आठवडा काढला. नंतर तिच्या अंगात स्वेटर घालून दाखवायचे. ऑगस्टमध्ये. आईने विचारलं तर म्हटलं, पुण्यात फार पाऊस आहे.

खरी परीक्षा घरात होती. तिसऱ्या रात्री जेवताना बाबा एकदम म्हणाले, "मी बाजीला गावी सोडून येतो." ताटातून मान वर न करता. सासूबाई रडायला लागल्या. सहा वर्षांत त्याने कुणाला नख लावलं नव्हतं, गल्लीतली पोरं त्याच्या पाठीवर बसतात. माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला तो घरात नको होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की नव्या सुनेच्या कुत्र्यामुळे घरचा कुत्रा गेला, हे वाक्य मला या घरात जन्मभर पुरेल. मी काही बोलले नाही. नवराही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

रेवडीला घरी आणायच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "तो वाईट आहे का?" ते म्हणाले, त्याने भांडण केलंच नाही. भांडणात आवाज असतो, दात दाखवणं असतं, इशारे असतात. इथे एक छोटा प्राणी किंचाळत पळाला, आणि त्या दीड सेकंदात समोर रेवडी आहे हे त्याच्या डोक्यातून गेलं. याला प्रिडेटरी ड्रिफ्ट म्हणतात. लॅब्राडोरचंही होऊ शकतं, कारवानचं लवकर होतं. म्हणून तो ‘प्रेमळ आहे’ याचा इथे उपयोग नाही. प्रेमळ तो आहेच.

हे ऐकून मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. म्हणजे त्याला रागावून, समजावून, लाड करून हे सुटणार नव्हतं. मग मी रविवारी बसून चक्क आरसीए लिहिला. ऑफिसमध्ये आपण कधी म्हणतो का, की हा मुलगा स्वभावाने चांगला आहे, प्रॉडक्शनचा पासवर्ड देऊन टाका? मुलगा चांगलाच असतो. तरी ॲक्सेस देत नाही.

पहिला उपाय फसला. ऑनलाइन मागवलेलं लहान मुलांसाठीचं तीन फुटी फाटक बाजीने जागच्या जागी उभं राहून ओलांडलं, वर आमच्याकडे ‘शाबास म्हणा’ असं बघितलं. मग फॅब्रिकेशनवाल्याकडून हॉल आणि आतल्या खोल्यांच्या मध्ये सहा फुटी दार करून घेतलं. गज नकोत, बारीक जाळी, कारण गजांमध्ये रेवडीचं डोकं अडकतं. आणि आतल्या खोलीचं लाकडी दार आहेच. दोन्हींपैकी एक कायम बंद. जेवण वेगवेगळ्या बाजूंना, पंधरा मिनिटांत भांडी उचलायची, हाडं-खेळणी दोघांच्या मध्ये कधीच नाहीत.

एकत्र वेळ असतो, पण एक माणूस फक्त तेवढंच काम करणार. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "बघतेय ना मी." मालिका बघत बघत. ते धरायचं नाही असं ठरलं. ‘दोन मिनिटांत आले’ हेही रद्द, कारण आमचा अख्खा प्रसंग दोन मिनिटांपेक्षा कमी वेळात झाला होता. बघायचं काय, तर खेळताना दोघं थांबतात का, आळीपाळीने खाली-वर होतात का, बाजी पुढचे पाय पसरून वाकतो का. आणि तो एकदम स्तब्ध झाला, तोंड मिटलं, नजर लागली, की शांतपणे त्याला हाक मारून बाहेर न्यायचं. जूनचे फोटो मी नंतर पुन्हा पाहिले. कान ओढणाऱ्या व्हिडिओत तोंड मिटलेला बाजी आहे. मागे आमच्या हसण्याचा आवाज.

मझलवरून मात्र घरात वादळ झालं. मी जाळीचं, बास्केटसारखं मझल आणलं. त्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. तोंड आवळणारा पट्टा त्यासाठी चालत नाही, कुत्रा तोंड उघडूनच अंग थंड करतो. बाबा भडकले. "मुसकं बांधणार त्याला? बैल आहे का?" आणि उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, झालं. दहा मिनिटांनी परत आले. म्हणाले, "कोळपणीला बैलाला मुसकं घालतोच की आपण. तो काय गुन्हेगार म्हणून नाही घालत. उभ्या पिकात त्याने तोंड घालू नये म्हणून. तोंड घालणारच तो, बैल आहे." मग तेच बाजीला घेऊन बसले. मुसक्याच्या आत पनीरचा तुकडा, त्याने स्वतःहून तोंड घालायचं, लगेच काढायचं. दहा-बारा दिवस. आता ते हातात घेतलं की बाजी शेपूट हलवत येतो. (मुसकं घातलं तरी पळापळीचे खेळ नाहीतच. चोवीस किलोंचा धक्का मुसक्यातूनही चोवीस किलोंचाच असतो.)

तरी एकदा गडबड झालीच. मी आतून दार उघडलं, नवऱ्याने त्याच क्षणी बाहेरून बाजीला आत घेतलं. पाठ्यपुस्तकातली रेस कंडिशन. रेवडी माझ्या कडेवर होती म्हणून निभावलं. मी लॉक, टोकन, व्हाइटबोर्ड, असलं काय काय सुचवत बसले. सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं लाल फडकं आणलं आणि दाराच्या कडीला बांधलं. "फडकं दिसलं की बाजी हॉलमध्ये. फडकं सोडल्याशिवाय कडी काढायची नाही. आणि फडकं ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं." इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला म्युटेक्स शिकवायला सरांना दोन आठवडे लागले होते.

नोव्हेंबरमध्ये आई-पप्पा परत आले. त्याच आठवड्यात आई रेवडीला न्यायला पुण्याला आली. गाडीतून उतरल्यावर तिला मी सगळं सांगणार होते, वाक्यं पाठ केली होती. ती चहासुद्धा न घेता "कुठंय माझी सोनी?" करत सरळ आत निघाली. जाळीपलीकडून रेवडीने आवाज ओळखला आणि उभी-आडवी नाचायला लागली. पाठीवर केस न आलेला पट्टा स्वेटरशिवाय लख्ख दिसत होता. आईचा हात कडीवर गेला. मागे बाजी उभा राहिला होता.

"अहो विहीणबाई!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "आधी फडकं बघा!"

आईने हात मागे घेतला. फडक्याकडे बघितलं, रेवडीच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पुण्यात फार पाऊस होता, नाही का?" ती म्हणाली. "बस इथं. सांग आता."